घोडा घेण्याआधी मागच्या एक्सलकडे बघ

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून आज सविस्तर लिहितेय. तुझ्याकडे दोन घोड्यांची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकची, कोटेशन आलीत. दोन्हींत इंजिन तेच, 300 एचपी. जोरही तोच, 1100 न्यूटन-मीटर, 1100 ते 1700 आरपीएमच्या दरम्यान. किंमतही जवळपास सारखी. फरक फक्त एका ओळीत आहे: एका घोड्याच्या मागच्या एक्सलचा रेशो 4.11, दुसऱ्याचा 4.88. सेल्समन म्हणतो, "मॅडम, 4.11 घ्या, ॲव्हरेजची गाडी आहे." तुमचे ड्रायव्हर काका म्हणतात, "ती घाटात दम सोडेल, 4.88 च घ्या." आणि तू विचारतेस, ताई, कुणाचं ऐकू?

अगं, दोघंही आपापल्या जागेवरून खरंच बोलतायत. एक डिझेलच्या बिलाकडे बघतोय, दुसरा बोरघाटाकडे. पण तुझा रस्ता, तुझा लोड आणि तुझ्या गाड्यांचा नेहमीचा वेग या तिन्हींचा हिशेब त्यांतल्या एकानेही मांडलेला नाही. तो तुलाच मांडावा लागेल, आणि तो काही अवघड नाही. आबांनी आयुष्यभर सहाचाकी आणि दहाचाकीवर धंदा केला. घोडा-ट्रेलर तू पहिल्यांदा घेतेयस, त्यामुळे हे सांगणारं घरात दुसरं कुणी नाही. मी इतकी वर्षं कळंबोलीत ट्रेलरच्या डिझेलचा आणि मेंटेनन्सचा हिशेब बघतेय. त्यातून जे कळलंय ते तुला सांगते.

आधी हा आकडा म्हणजे काय ते बघ. मागच्या एक्सलचं हौसिंग मध्ये फुगलेलं असतं ना, त्याच्या पोटात दोन गियर असतात. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला असतो तो छोटा पिनियन, आणि त्याला आडवं भिडणारं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन. क्राऊनला 37 दात आणि पिनियनला 9, तर 37 भागिले 9, म्हणजे 4.11. क्राऊनला 39 आणि पिनियनला 8, तर 4.88. आबा पार्टच्या दुकानात जाऊन "सात-एकेचाळीस द्या" म्हणायचे, ते हेच. 41 भागिले 7, म्हणजे 5.86. शाफ्टचे इतके फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आकडा मोठा असेल तर चाकाला ओढ जास्त मिळते, पण त्याच वेगाला इंजिनला फेरे जास्त मारावे लागतात. आकडा छोटा असेल तर याच्या उलट.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. रेशो ताकद तयार करत नाही. ताकद इंजिनाकडून येते आणि तेवढीच येते. हे लोकांना पटत नाही, म्हणून तुझ्याच गाडीचा हिशेब करून दाखवते. जुलै 2018 पासून सहा एक्सलच्या ट्रेलरला 55 टन चालतात: पुढच्या एक्सलवर 7, घोड्याच्या मागच्या जोडीवर 21, ट्रेलरच्या तिघांवर 27. आधी हेच 49 होतं. समजा घाटात 100 मीटरला 4 मीटर चढ आहे. 55 टन त्या चढावर ओढायचे तर साधारण 25 हजार न्यूटन जोर लागतो, त्यात टायरचा रोधही धरलाय. तुझ्या 300 एचपीतली गियरमधली घट वजा केली तर चाकापर्यंत 270 च्या आसपास पोचतात. भागाकार केलास की ताशी 29 किलोमीटर येतात. इंजिनाचा अगदी कस लावला तरी तेवढेच. 4.11 घे नाहीतर 4.88, त्या चढावर गाडी ताशी 29 च्या वर जाणार नाही. फक्त एक घोडा तो वेग एका गियरमध्ये गाठेल आणि दुसरा शेजारच्या गियरमध्ये.

डिझेलचंही तसंच. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची चढावी लागते. 55 टन तेवढे वर उचलायलाच वीस-बावीस लिटर डिझेल जातं. रेशो कुठलाही असो, ते जाणारच. म्हणून "या रेशोची गाडी घाटात डिझेल कमी खाते" असं कुणी म्हणालं की त्याला शांतपणे विचार, कसं काय?

मग रेशोने डिझेल वाचतं कुठे? सपाटीवर, टॉप गियरमध्ये, तासन्‌तास एका लयीत गाडी चालते तिथे.

एक हिशेब लक्षात ठेव, आयुष्यभर उपयोगी पडेल. आपल्या गाडीचं टायर एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर पुढे जातं, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे 312 फेरे. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तेव्हा चाक मिनिटाला 312 फेरे मारतं. टॉप गियर डायरेक्ट असेल, म्हणजे गियरबॉक्स मध्ये काही कमी-जास्त करत नसेल, तर 312 ला सरळ रेशोने गुण. 4.11 ला येतात 1285 आरपीएम, 4.88 ला 1523. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तोच माल ओढताना दुसऱ्या इंजिनाला मिनिटाला 238 फेरे जास्त. ताशी 80 ला, म्हणजे स्पीड गव्हर्नर जिथे गाडी अडवतो तिथे, हेच आकडे 1713 आणि 2031 होतात.

हे जास्तीचे फेरे फुकट नसतात. माळ्यावर धान्य चढवताना छोट्या छोट्या डब्यांनी चढवलंस तर खेपा जास्त होतात, आणि प्रत्येक खेपेला स्वतःचं अंगही जिन्यावरून वर न्यावं लागतं. मोठ्या पोत्याने चढवलंस तर खेपा कमी. इंजिनाचंही असंच आहे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टनचं घर्षण, बेअरिंगचं घर्षण, हवा आत ओढायचा आणि बाहेर ढकलायचा खर्च असतो. कमी फेऱ्यांत, दर फेऱ्याला जास्त जोर लावून काम झालं तर तो वरखर्च वाचतो. पण पोतं उचलणाऱ्याला झेपेल एवढंच हवं, नाहीतर कंबर धरते. इंजिन हजार आरपीएमच्या खाली नेऊन लोड दिला तर टर्बोकडून पुरेशी हवा मिळत नाही, गाडी थरथरते, बेअरिंगवर आणि क्लचवर मार बसतो, आणि डिझेलही वाचत नाही.

जड गाड्यांच्या धंद्यात एक ठोकताळा धरतात: सपाटीवर चालताना 100 आरपीएम कमी झाले की डिझेल साधारण एक टक्का वाचतं. तुझ्या दोन घोड्यांत फरक 238 चा, म्हणजे दोन-अडीच टक्के. समजा महिन्याला 8000 किलोमीटर आणि ॲव्हरेज लिटरला 3 किलोमीटरचं. डिझेल लागेल 2667 लिटर. त्याच्या दोन टक्के म्हणजे 53 लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर महिन्याला पावणेपाच हजार. वर्षाकाठी पन्नास-साठ हजार रुपये एका गाडीमागे. ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही. पण सेल्समन जसं सांगतो तसं तीनचं ॲव्हरेज साडेतीन होणार नाही, तेवढा फरक रेशोच्या हातात नसतो.

आणि हेही तेव्हाच, जेव्हा गाडी खरोखर टॉप गियरमध्ये चालेल. नेमकी हीच गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते, म्हणून इथे जरा थांब.

समजा तुझ्या गाडीचा रस्ता असा आहे की ती ताशी 45 नेच चालते. रस्त्याचं काम, गावं, रहदारी, काहीही असो. 45 ला 4.11 चा घोडा टॉपमध्ये 964 आरपीएमवर येतो. एवढ्या खाली 55 टन ओढता येत नाहीत, ड्रायव्हर एक गियर उतरवणारच, आणि तो बरोबरच करतो. एक गियर खाली आला की आरपीएम होतात साडेबाराशे. त्याच 45 ला 4.88 चा घोडा टॉप गियरमध्ये 1143 वर असतो, इंजिनाच्या चांगल्या पट्ट्यात. म्हणजे हळू रस्त्यावर ती "ताकदीची गाडी" या "ॲव्हरेजच्या गाडी"पेक्षा कमी आरपीएमवर चालली. डिझेल तिचंच वाचलं. किती मालक छोटा रेशो घेऊन पस्तावतात आणि खापर ड्रायव्हरवर फोडतात! ड्रायव्हरचा काही दोष नसतो. चुकीचा रेशो त्याच्या पायाखाली दिलेला असतो.

म्हणून रेशोचा आकडा बघायच्या आधी तुझ्या गाड्यांचा जीपीएस रिपोर्ट काढ. सरासरी वेग बघू नकोस, त्यात हॉटेलवरचा आणि टोलवरचा वेळही मिसळतो. गाडी चालू असताना कुठल्या वेगाला किती तास गेले ते बघ. जिथे सगळ्यात जास्त तास गेलेत, त्या वेगाला इंजिन टॉप गियरमध्ये 1200 ते 1400 मध्ये यायला हवं. माझं गणित इथूनच सुरू होतं.

तू ते अमेरिकेतल्या ट्रकचे व्हिडिओ बघितलेस आणि विचारलंस, तिकडे 2.64 चा रेशो लावतात, काही तर त्याहूनही छोटा, मग आपण 4.11 ला का घाबरायचं? प्रश्न चांगला आहे. तिकडे पाच एक्सलच्या ट्रेलरला 80,000 पाउंड चालतात, म्हणजे सव्वाछत्तीस टन. त्याला ओढायला 13 ते 15 लिटरचं इंजिन, साडेचारशे एचपीच्या आसपासचं. टनामागे बारा एचपी. आपल्याकडे 55 टनाला 300, म्हणजे टनामागे साडेपाच. शिवाय ते ताशी 105 च्या आसपास सलग चालतात. त्या वेगाला चाकच मिनिटाला साडेपाचशे फेरे मारतं, मग रेशो छोटा नाही ठेवला तर इंजिन किंचाळत राहील. 2.64 च्या पुढे ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा, गियर जोडून ते 105 ला इंजिन अकरा-साडेअकराशेवर आणतात. वाऱ्याचा रोधही 60 पेक्षा 105 ला तिप्पट होतो, म्हणून ते घोड्याला आणि ट्रेलरला वारा कापणारे पत्रे लावतात. आपलं डिझेल वाऱ्यात कमी जातं. वजनात, चढात आणि थांबून पुन्हा निघण्यात जातं. त्यांचा रेशो त्यांच्या रस्त्याला बरोबर आहे. तो आपल्या 55 टनाखाली आणून लावायचा नाही.

तिकडच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. रेशो छोटा केला की प्रोपेलर शाफ्ट सावकाश फिरतो, पण तेवढंच काम करायला त्याला पीळ जास्त सोसावा लागतो. त्यामुळे त्यांना शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस जास्त मजबूत करावे लागले. आपल्याकडेही 4.11 घेतलीस तर क्रॉसचं ग्रीसिंग चुकवू देऊ नकोस, आणि निघताना धक्का देऊन क्लच सोडायची सवय कुणाला असेल तर ती आधी मोड.

आता ड्रायव्हर काकांच्या घाटाकडे येऊ. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तुझी गाडी गोकुळ शिरगावहून कास्टिंग घेऊन न्हावा शेव्याला उतरते आणि परतीला फाउंड्रीसाठी भंगार घेऊन चढते. म्हणजे बोरघाट आणि खंबाटकी, दोन्ही घाट भरलेल्या गाडीने चढायचे. चालत्या गाडीला घाट चढता येतो, ते वर बघितलंच. खरी परीक्षा चढावर थांबून पुन्हा निघण्याची असते. अमृतांजन पूल होता त्या टप्प्यात शनिवारी-रविवारी काय गर्दी होते ते तुला सांगायला नको. पुढची गाडी चार हात सरकते, आपली सरकवायची, पुन्हा थांबायचं. खिडकीची काच खाली असली की क्लचच्या जळक्या वासावरून कळतं कुठली गाडी रेशोत कमी पडतेय. ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून 55 टन पेलत असतो, पाय थरथरत असतो, आणि मागे कार आरशात दिसणारही नाही इतकी जवळ आलेली असते. तिथे गाडी एक हातभर जरी मागे घसरली तरी काय होईल, विचार कर. काका "4.88 घ्या" म्हणतात तेव्हा त्यांना हे दिसत असतं.

पण निघताना चाकाला किती जोर मिळणार ते एकट्या एक्सलच्या रेशोवर ठरत नाही. पहिल्या गियरचा आकडा आणि एक्सलचा आकडा यांच्या गुणाकारावर ठरतं. क्लच सोडताना इंजिन पूर्ण 1100 देत नाही, 700 धरू. पहिला गियर 12.7 चा असेल तर 4.11 बरोबर गाडी साधारण अकरा टक्क्यांच्या चढावर भरलेली उभी राहून निघू शकते. आपल्या घाटांना ते पुरे, वर थोडं शिल्लकही राहतं. पहिला गियर 9 चाच असेल तर हेच येतं साडेसातच्या आसपास. कागदावर तेही चालेलसं वाटतं, पण वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त असतो, क्लच प्लेट झिजलेली असते, आणि मग मिस्त्रीचं बिल येतं. 9 च्या बॉक्सबरोबर 4.88 घेतलीस तर नवाच्या पुढे जाते. म्हणून तुझ्या दोन्ही कोटेशनमध्ये गियरबॉक्सचं पान माग. पहिला गियर बाराच्या वर असेल तर काकांची शंका 4.11 वरही मिटते. नसेल तर काकांचंच ऐक.

टॉप गियरचंही विचार. ओव्हरड्राइव्ह असेल, समजा 0.84, तर 4.88 गुणिले 0.84 म्हणजे जवळजवळ 4.1. हायवेवर तो 4.88 चा घोडा डायरेक्ट टॉपच्या 4.11 इतक्याच आरपीएमवर चालेल. डायरेक्टमध्ये ताकद गियरबॉक्समधून सरळ जाते, दात कमी घासतात, तेवढा थोडासा फायदा त्याचा. पण निव्वळ एक्सलच्या आकड्यावरून गाडी "ॲव्हरेजची" की "ताकदीची" हे ठरवणारा माणूस अर्धंच बोलतोय. सेल्समनला एकच प्रश्न कर: "ताशी 60 ला टॉप गियरमध्ये इंजिन किती आरपीएमवर असेल?" उत्तर देता आलं नाही तर दोन आकडे माग आणि स्वतः गुणाकार कर.

उतरणीचंही बोलते, कारण कास्टिंग भरून बोरघाट उतरायचाय. छोट्या रेशोच्या गाडीत त्याच गियरमध्ये, त्याच वेगाला इंजिन कमी फेरे मारतं, म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक आणि इंजिन गाडीला कमी धरून ठेवतात. उपाय साधा आहे: मोठ्या रेशोच्या गाडीत काका जो गियर टाकून घाट उतरायचे, त्याच्या एक गियर खाली टाकायचा. नवी गाडी आल्यावर पहिल्या फेरीला हे त्यांना मुद्दाम सांग, कारण सवयीने हात जुन्याच गियरकडे जातो आणि मग सगळा भार ब्रेक ड्रमवर येतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे असतात, तू त्यांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांग की आपल्या गाडीवर हे चालणार नाही. गियरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना आजचं इंजिन डिझेल टाकतच नाही. न्यूट्रलमध्ये वाचत काही नाही, वर ब्रेक तापून हातचे जातात.

तुझं दुसरं विचारणं सेकंडहँड घोड्याबद्दल होतं. तिथे कागदावर जाऊ नकोस. मधल्या काळात कुणी क्राऊन-पिनियन बदललेला असू शकतो, आणि हौसिंगवरची पट्टी बहुतेक वेळा चिखलाने आणि रंगाने वाचता येत नाही. आमच्या गॅरेजमधले मिस्त्री असं करतात. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, गियर न्यूट्रल, हवा भरून ब्रेक मोकळे. सगळ्यात मागच्या एक्सलची एकच बाजू जॅकवर उचलायची, दुसरं चाक जमिनीवरच. मागच्या जोडीतल्या दोन एक्सलच्या मध्ये जो आखूड शाफ्ट असतो, त्यावर खडूने एक रेघ. उचललेल्या चाकावर एक रेघ. मग चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि दुसऱ्याने खाली बसून शाफ्टवरची रेघ मोजायची. एक चाक जमिनीवर अडलेलं असतं, म्हणून मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक फेरा होतो. रेघ चार वेळा येऊन थोडी पुढे सरकली तर 4.11. पाचव्या फेऱ्याला पोचता पोचता थांबली तर 4.88. साडेपाच-सहाच्या पुढे गेली तर तो घोडा कुठल्या खाणीत किंवा क्रशरवर चाललेला असू शकतो. मग हबमध्ये रिडक्शनचे गियर आहेत का तेही बघून घे. ते खडीच्या रस्त्याला उत्तम, पण हायवेवर जास्तीचे दात, जास्तीचं तेल तापणं, आणि ॲव्हरेज कायमचं कमी.

जोडीतल्या पुढच्या एक्सलचाही रेशो तपासून घे. घोड्याच्या मागच्या दोन्ही एक्सलचा रेशो सारखाच हवा. एकाचा क्राऊन-पिनियन तुटला आणि घाईत वेगळ्या दातांचा बसवला, तर दोन एक्सल दिवसभर एकमेकांशी भांडत राहतात. टायर झिजतात, मधल्या डिफरेन्शियलचं तेल करपतं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. आणि "आत्ता घ्या, रेशो नंतर बदलून देतो" यालाही भुलू नकोस. दोन्ही एक्सलचे क्राऊन-पिनियन, बेअरिंग, मजुरी आणि वर स्पीड गव्हर्नर नि मीटरचं सेटिंग, एवढा खर्च डिझेलच्या दोन टक्क्यांतून फिटायला फार दिवस लागतात.

टायरची एक बारीक गोष्ट सांगते, कारण ॲव्हरेजच्या वहीत ती फसवते. नव्या टायरपेक्षा झिजलेल्या टायरचा घेर दोन टक्क्यांहून थोडा जास्तच कमी होतो. चाक तेवढेच फेरे मारतं, पण गाडी कमी पुढे जाते, आणि मीटर फेरेच मोजतो. म्हणजे मीटरवर किलोमीटर जास्त दिसतात आणि ॲव्हरेज सुधारल्यासारखं वाटतं. नवीन टायर टाकल्यावर ते पडतं आणि ड्रायव्हरवर संशय येतो. दोन रेशोंमधला डिझेलचा फरकही एवढाच आहे, तेव्हा तुलना करायची तर मीटरवर नको. किणी टोल ते खालापूर टोल असं ठरलेलं अंतर धर, टाकी दोन्ही वेळा काठोकाठ भर, आणि भाराची पावती हिशेबाला जोड. काकांनाही ही वही दाखव. त्यांना आकडे कळतात, फक्त कुणी दाखवत नाही.

आता माझं मत. तू पाठवलेल्या रिपोर्टमध्ये तुझ्या गाड्या बहुतेक तास 55 ते 65 मध्ये दिसतात. 4.11 ला, डायरेक्ट टॉपमध्ये, ते येतं 1178 ते 1392. एकदम योग्य जागा. सपाटीवर 60 ला 55 टन न्यायला जेमतेम शंभरेक एचपी लागतात आणि 1285 वर इंजिन त्याच्या जवळजवळ दुप्पट देऊ शकतं, तेव्हा सपाटीला ओढ कमी पडायची नाही. कागल ते सातारा सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमध्ये तुला अधूनमधून एक गियर उतरवावा लागेल, ते सोसायचं. रस्ता एक दिवस पुरा होईल, गाडी तुझ्याकडे आठ-दहा वर्षं राहणार आहे. म्हणून पहिला गियर बाराच्या वर असेल तर 4.11 घे. तोच घोडा तू क्रशरला किंवा बंदरातल्या यार्डातल्या यार्डात कंटेनर हलवायला लावणार असतीस, तर मी डोळे मिटून 4.88 म्हटलं असतं.

काकांना विचारल्याशिवाय मात्र सही करू नकोस. त्यांना शोरूममध्ये घेऊन जा आणि डेमोची गाडी भरलेली माग. रिकामी गाडी सगळ्याच छान पळतात. भरून घाटात एकदा थांबवून काढायला सांग, क्लच त्यांच्या पायाखाली काय बोलतो ते त्यांनाच कळेल. गाडी त्यांनी चालवायची आहे. त्यांचा विश्वास नसेल तर ते दिवसभर एक गियर खालीच चालवतील, 60 ला 1670 आरपीएमवर, आणि मग 4.11 घेऊनही 4.88 पेक्षा जास्त डिझेल जाळशील.

गियरबॉक्सचं पान आलं की फोटो पाठव, पहिल्या आणि शेवटच्या गियरचा आकडा नीट दिसेल असा. टायरचा साइज कोटेशनवर कुठला लिहिलाय तेही बघ. बाकीचा गुणाकार आपण दोघी फोनवर बसून करू.